मापावरची मूठ

आई,

आता लोक भाजी फोनवर विकत घेतात. हे तुला सांगितलं असतं तर तू आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "मंग वास कसा घेतेत?" खरं सांगू, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि हे दुकान जिनं बांधलं त्या तुझ्या नातीकडेही नाही. तू तिला पाहिलंच नाहीस. तू गेलीस तेव्हा रायपूर अजून मध्य प्रदेशात होतं, माझं लग्न व्हायचं होतं आणि मी सायकलच्या कॅरिअरला पुठ्ठ्याच्या खोक्यांचे नमुने बांधून गोलबाजारात दुकानामागून दुकान हिंडत होतो. आता सिलतऱ्याच्या बाजूला माझा स्वतःचा खोक्यांचा कारखाना आहे. आजूबाजूला सगळे लोखंडवाले, त्यांच्या काळ्या धुळीत आमची बदामी खोकी दुपारपर्यंत सावळी होतात. शंकर नगरात घर आहे. आणि घराच्या बाजूला जिथं गाडी उभी राहायची, तिथं आठवड्यातून दोनदा लाल भाजी, चेच भाजी, मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा आणि जवाफुलाचा तांदूळ येऊन पडतो. गाडी बाहेर उन्हात. तुझी सून म्हणते, "गाडीले त बाहेर काढलं, आता माहा नंबर कधी?"

दुकान बांधलं म्हणजे विटा-सिमेंटचं नाही. ते फोनवर उघडतं. भाज्यांचे फोटो, त्याखाली भाव, त्याखाली किती शिल्लक आहे तो आकडा. माणूस बोट लावतो, पत्ता टाकतो, पैसे भरतो, आणि गुरुवारी नाहीतर रविवारी सकाळी आमचा ऑटोवाला पिशवी दारात ठेवून येतो. मध्ये अडत्या नाही, ठोकवाला नाही. अभनपूरच्या बाजूला एक गाव आहे, तिथल्या काही बायका मिळून भाजी लावतात. त्यांची म्होरकी एकदा पपईसाठी खोकी घ्यायला माझ्या कारखान्यात आली होती. भाव करता करता मलाच घाम फोडून गेली, तेव्हाच मी ओळखलं, ही आपल्याच पंथाची. पुढे तुझी नात बेंगळुरूहून दिवाळीला घरी आली, त्या गावची लाल भाजी तिच्या ताटात पडली, आणि ती घास तसाच हातात धरून म्हणाली, "पापा, ये शहर वालों को क्यों नहीं मिलता?" ती माझ्याशी हिंदीच बोलते. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत. आधी मी रागवायचो, आता नाही. ऐकते आहे ना, पुरे.

तयार दुकानंही मिळतात म्हणे, नाव टाका, फोटो टाका, झालं. पण ती दुकानं पहिल्याच पायरीला विचारतात, वजन किती? आणि आपली भाजी येते जुडीनं. एका बाईची जुडी मनगटाएवढी, दुसरीची दंडाएवढी. आज आहे, उद्या पाला किडला तर नाही. शिवाय गावच्या बायका फोनवर लिहीत नाहीत, बोलतात. म्हणून पोरीनं बेंगळुरूची नोकरी सोडली आणि आमच्या पुढच्या खोलीत बसून अख्खं दुकान अंगाच्या मापानं शिवावं तसं शिवलं. आणि मला सांगून ठेवलं, "पापा, एक ठंड का मौसम. चल गया तो यहीं रहूँगी, नहीं चला तो वापस." मी म्हटलं, "ठीक हाय." आवाज अगदी सहज ठेवला. पण तुझ्यापाशी काय लपवायचं? ते दुकान चालो, एवढंच मी त्या हिवाळ्यात मागत होतो. भाजीसाठी नाही. पोरगी घरात राहावी म्हणून.

मला काम दिलं कानाचं. तू म्हणायचीस ना, "याचे कान लई तिखट, भिंतीपल्याडची मुंगी शिंकली त याले आयकू येते." तेच कान कामी आले. पहाटे बायका एकेक करून व्हॉइस मेसेज पाठवतात, कोणाच्या वाडीत आज काय निघालं. मी चहाचा कप घेऊन बसतो, ऐकतो आणि दुकानात आकडा टाकतो. "भैया, लाल भाजी दस जुरी, मुरई पाँच किलो." मुरई म्हणजे आपला मुळा. मागे हँडपंपाची कुरकुर, कोंबडी, कोणाची तरी सासू. मला वाटतं तुला हे काम फार आवडलं असतं. घरबसल्या पूर्ण गाव.

आणि पहिल्याच महिन्यात दुकान लंगडायला लागलं. गावाहून माल पूर्ण यायचा, मेसेजमध्ये सांगितला तेवढा, मी स्वतः उतरवून घ्यायचो. दुकानातल्या आकड्याएवढ्याच ऑर्डरी. आणि तरी दर गुरुवारी शेवटच्या काही पिशव्यांना भाजी पुरत नव्हती. कुणाची पालक नाही, कुणाची वांगी नाहीत. पैसे परत करा, माफी मागा. शेवटी असायचे ते आमच्याच शंकर नगरातले, ओळखीचे, वाटेत भेटले की हसून म्हणायचे, "आपकी दुकान में फोटो ही मिलता है क्या, भाऊसाहेब?" पोरगी रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हणायची, "मेरे हिसाब में कहीं गड़बड़ है." हिशेब पुन्हा तपासायची. हिशेबात काही नव्हतं.

एका गुरुवारी मी हातात चष्मा घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो होतो, बायका गाडीच्या जागेत पिशव्या भरत होत्या. म्होरकी आणि तिच्यासोबत दोघी ऑटोतून मालाबरोबरच येतात. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, वजन बरोबर झालं की टीं करतो. मी बघत नव्हतो, नुसतं ऐकत होतो. टीं. आणि मग, त्यानंतर, एक हलका आवाज. सर्र. पुन्हा टीं. पुन्हा सर्र. आई, तो आवाज ऐकून मी चष्मा खाली ठेवला. तो आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकला होता आणि तरी मला तो लगेच ओळखू आला. माप झाल्यावर वर टाकलेली मूठ. पुरौनी.

आता इथं तुला थोडं मागे नेतो. बूढापाऱ्याचं आपलं भाड्याचं घर, दोन खोल्या, गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरी फोडणी बसली की शिंक आपल्याला. बाबा रेल्वेच्या ऑफिसात गेले की तू पिशवी घ्यायचीस आणि मला बोट द्यायचीस. तलावाच्या कडेला ती बसायची, भाजीवाली दाई; इकडे वडीलधाऱ्या बाईला दाईच म्हणतात. खाली पोतं, पोत्यावर भाजीचे ढीग, हातात तराजू. तू भाव करायचीस, तेव्हा तुम्ही दोघी अशा भांडायच्या की मला वाटे आज हिचा संबंध तुटला. मग भाजी मोजून व्हायची. पैसे द्यायचीस. आणि मग तू जायची नाहीस. हीच तुझी कला. पिशवीचं तोंड उघडंच धरून तू तलावाकडे बघत उभी राहायचीस आणि दाईला विचारायचीस, पोरीचं काय झालं, बाळंत झाली का, जावई दारू सोडून राहिला का. पिशवीकडे तू एकदाही बघायची नाहीस. आणि दाई बोलता बोलता हात चालवायची. मी तुझ्या गुडघ्याशी उभा राहून ऐकतो आहे. कोथिंबीर पडली तर जवळजवळ आवाजच नाही. मिरच्या पडल्या तर कोरडा, हलका. लिंबू असेल तर एक ठोका. पारडं दगडावर आपटलं तो आवाज दुकानाचा, तू म्हणायचीस, आणि त्याच्यानंतरचा हाताचा. "माप दुकानाचं रायते, वरची मूठ हाताची." आपल्या घरी कोथिंबीर आणि मिरची विकत आल्याचं मला आठवत नाही. पाट्यावर तू त्या पुरौनीची चटणी वाटायचीस आणि बाबांच्या डब्यात कोपऱ्यात ठेवायचीस. ऑफिसातले लोक म्हणे ती चाखायलाच डबा उघडायची वाट बघत.

आणि तो दिवस. दाईपुढे गर्दी होती, तिनं मोजलं, पैसे घेतले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. तू उभी होतीस तलावाकडे बघत. मला वाटलं, अरे, ही विसरली. मी म्हटलं, "दाई, पुरौनी?" ती हसली, "हव बेटा, हव," आणि मिरच्यांची मूठ पिशवीत. मी शूर. वळणापर्यंत आल्यावर तू थांबलीस, पिशवीतून मिरच्या वेचून काढल्यास, एकेक, आणि माझ्या ओंजळीत ठेवल्यास.

"जा. वापस देऊन ये."

"काहून?"

"तू मागितली."

"मंग काय झालं? ती त देतेच ना रोज."

"देते म्हणूनच सांगून राहिली. मागून आणली त ते भीक होते. पुरौनी नाई होत."

"मंग छेरछेऱ्याले त तूच झोळी देऊन पाठवतेस मले दारोदार धान मागाले!"

तू एक क्षण अडलीस. तुला अडवलं याचा मला अजून अभिमान आहे. मग म्हणालीस, "तो सण हाय. सणाले मागणं म्हंजे देणाऱ्याचा मान. बजारात मागणं म्हंजे त्याच्या हाताले धक्का. जा आता."

मी गेलो. दाईच्या पोत्यावर मिरच्या ओतल्या. ती गोंधळली, "का होगे बेटा?" मी मागे बोट दाखवलं. दाईनं दूर उभ्या असलेल्या तुझ्याकडे पाहिलं. तू तलावाकडे बघत होतीस. ती इतकी हसली की तिच्या शेजारची कांदेवालीही कारण न कळता हसायला लागली. पुढच्या बाजारी आपल्या पिशवीत एवढी कोथिंबीर पडली की घरी येईतोवर गल्लीभर वास.

तर आता समजलं ना, सर्र ऐकून मी चष्मा का ठेवला. मी बाहेर गेलो आणि म्होरकीला विचारलं, "दीदी, वजन हो गया, फिर ये क्या डाल रहे हो?" ती अशी बघायला लागली जणू मी विचारलं श्वास का घेता. म्हणाली, "पुरौनी भैया. जुच्छा नाप के कइसे देबो? गहकी ह का कइही?" नुसतं मापून कसं द्यायचं, गिऱ्हाईक काय म्हणेल. मी म्हटलं, गिऱ्हाईक तर दिसतही नाही, तुम्हाला ओळखतही नाही. तिच्यासोबतची एक म्हणाली, "त का होगे? हमन त ओला जानथन. टंकी के तीर वाली दीदी, मुनगा वाली." म्हणजे, आम्ही तर तिला ओळखतो. पत्ते वाचून वाचून ह्या बायकांनी प्रत्येक पिशवीला एक बाई बसवून टाकली होती. टाकीजवळची, मुनगेवाली, ती जी प्रत्येक वेळी एकच जुडी घेते म्हणजे एकटीच राहत असेल, बिचारी, तिच्या पिशवीत जरा जास्त. दुकानात शंभर जुड्या लिहिल्या की दुकान शंभर विकणार, आणि ह्या प्रत्येक पिशवीला थोडं थोडं वर टाकणार, म्हणजे शेवटच्या पिशव्या कोरड्याच.

मी पोरीला सांगितलं. तिचा चेहरा उजळला, कारण तिच्या हिशेबात चूक नव्हती. मग पडला. "पापा, ये तो बंद करना पड़ेगा. जितना लिखा उतना." बरोबरच होतं तिचं. पण मी धंद्यात केस पांढरे केलेला माणूस, मी म्हटलं थांब, बंद कशाला, आपण त्याचंच नाव करू. बिलातच एक ओळ टाकू. पुरौनी, शून्य रुपये. प्रत्येक पिशवीत ठरलेली कोथिंबीर नाहीतर मिरची, दुकानाच्या आकड्यात आधीच धरलेली. गिऱ्हाईक खूश, हिशेब खूश, असं दुकान रायपुरात दुसरं नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पोरगीही म्हणाली, "वाह पापा." तुझ्या सुनेनं मात्र कणीक मळता मळता म्हटलं, "नाव लावलं न त्याले, आता भांडण लागन." मी लक्ष दिलं नाही. माझे कान तिखट, पण घरच्या आवाजाला नाहीत.

भांडण लागलं. पहिले दोन आठवडे लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवले. तिसऱ्या आठवड्यात एकानं लिहिलं, "पिछली बार धनिया ताज़ा था, इस बार पुरौनी में मुरझाया हुआ." दुसऱ्यानं, "मेरे पड़ोसी को नींबू मिला, मुझे मिर्च. क्यों?" एकानं तर चक्क पुरौनी आली नाही म्हणून पैसे परत मागितले. शून्य रुपयाचे पैसे परत! पोरगी हसली, पण ते हसू ओठांपर्यंतच. आणि बायका? म्होरकी काट्यापाशी उभी राहून मला विचारते, "पुरौनी कतका ग्राम, भैया?" आणि ती पुरौनी मोजून टाकते. टीं. सर्र आवाज गेलाच. पुढे पहाटेचे मेसेज कमी व्हायला लागले. हिचा हात दुखतो, तिच्याकडे पाहुणे. मी म्होरकीला फोन केला. ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "का बतावँव भैया, अब देय म मजा नइ आवय."

देण्यात मजा येत नाही. हे ती भाजी पिकवणारी बाई मला सांगते आणि मी, आई, मी खोकी विकणारा माणूस, तिला पुरौनीचे ग्राम सांगत बसलो होतो. त्याच आठवड्यात पोरीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून तिचं इंग्रजी बोलणं ऐकू आलं. हळू, नीट, पगाराबद्दल बोलतात तसं. कान तिखट असण्याचा एक तोटा असतो तो हा. जे ऐकू येऊ नये तेही येतं.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला फक्त एवढंच सांगितलं की ती बिलातली ओळ काढून टाक. "फिर?" "फिर काही नाही. तू आपलं काढ." आणि पहाटे चहा घेऊन मेसेज ऐकायला बसलो. थोडेच होते. एक बाई म्हणाली, "लाल भाजी... दस जुरी." मी ते पुन्हा लावलं. ती दहा म्हणण्याआधी थांबली होती. इतके दिवस मी आकडे ऐकत होतो, थांबणं ऐकलंच नव्हतं. दाईही अशीच थांबायची, तू "किती ठेवली आज?" विचारलंस की. मनात आधी पुरौनीचं वेगळं काढून ठेवायची, मग सांगायची. ही बाईही दहा सांगत होती पण तिच्या मनात दहा विकायला नव्हत्याच. मी दुकानात आठ लिहिलं. दुसरीच्या पाच किलोला साडेचार. जिचा आवाज ठाम आला तिचं जेवढ्याला तेवढं. कुणाला काही सांगितलं नाही. बायकांना फक्त म्हटलं, "दीदी, अब नाप के बाद जो करना है करो, मैं नहीं देखूँगा." म्होरकी पदराआड हसली, "हव."

गुरुवारी शेवटच्या पिशवीला भाजी पुरली. रविवारी पुरून उरली, ती आम्ही घरी खाल्ली. लोकांनी लिहिणं बंद केलं, म्हणजे तक्रार लिहिणं. टाकीजवळच्या बाईनं, जिला बायका मुनगेवाली म्हणतात, एकदा ऑटोवाल्याच्या हाती चार केळी पाठवली, "जिसने पैक किया उसके लिए." म्होरकीनं ती केळी अशी हातात धरली जशी तू संक्रांतीला दाईच्या हातात तिळगूळ ठेवायचीस तेव्हा ती धरायची. मेसेज पुन्हा वाढले. कोंबड्या, हँडपंप, सासवा, सगळे परत आले.

पण पोरगी तुझी नात आहे. एका पहाटे ती उठून आली, माझ्या शेजारी बसली, एक मेसेज माझ्यासोबत ऐकला आणि मी टाकलेला आकडा पाहिला.

"पापा, वो दस बोली. आपने आठ लिखा."

"हव."

"कब से?"

"जेव्हापासून पुरून राहिलं तेव्हापासून."

मला वाटलं आता लेक्चर मिळणार. मी आपला चहा ढवळत बसलो. मग मीच म्हटलं, "तू यंत्रालेच शिकव ना. दहातले दोन आपोआप कमी दाखवन. मी काय जन्मभर बसणार हाय का इथं?" ती म्हणाली, "नहीं. मशीन करेगी तो हर बार उतना ही करेगी. फिर वो भी बिल ही हो जाएगा." आणि माझा चहा उचलून पिऊन टाकला. "ये काम आपका. आप बैठो जनम भर." हिवाळा संपून गेला आहे. बेंगळुरूचं नाव निघालेलं नाही. परवा तिनं दुकानात कच्च्या आंब्यासाठी जागा केली. मी विचारलं नाही. तुझ्याकडूनच शिकलो, पिशवी उघडी धरायची आणि तलावाकडे बघायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फागुन लागला की दाई तुझ्यासाठी एक गोष्ट आणायची, आठवतं? ती पोत्यावर नसायची. पदराखाली, पळसाच्या पानात गुंडाळून, बोहारच्या कळ्यांची एक मूठ. तिच्या घरामागे एक झाड होतं, त्याचं. विकायला नाहीच. वर्ध्याकडे, तुझ्या माहेरी, तू या झाडाला भोकर म्हणायचीस आणि त्याच्या फळांचं फक्त लोणचं ओळखायचीस. कळ्यांची भाजी तू इथंच शिकलीस. ती मूठ तू पिशवीत टाकायची नाहीस, हातात घेऊन घरी यायचीस. चण्याची डाळ, आंबट दही, वरून लसणाची फोडणी. बाबा म्हणायचे, "हे काय झाडाचं झुडपाचं," आणि दोनदा मागायचे. तुझ्या शेवटच्या वर्षी तू अंथरुणाला खिळली होतीस, कित्येक महिन्यांत बाजारात गेली नव्हतीस, आणि दाई घर विचारत विचारत आपल्या गल्लीत आली. पहिल्यांदाच. उंबऱ्यावर बसली, पान उलगडलं. तू म्हणालीस, "अवं, मी त काही घेतलंच नाही तुह्याकडून." ती म्हणाली, "अतका बछर ले त लेवत रहे हस दीदी." इतकी वर्षं घेतच तर आलीस. त्या दिवशी भाजी दाईनंच केली, आपल्या चुलीवर. तू दोन घास खाल्लेस. मी दाराच्या चौकटीला टेकून तुम्हा दोघींचं बोलणं ऐकत होतो. जावयानं दारू सोडली होती.

गेल्या आठवड्यात एका मेसेजच्या मागे, कांद्याच्या आकड्यांच्या मागे, कोणीतरी ओरडून सांगत होतं की बोहार तोडायला वर चढू नको, फांदी कच्ची आहे. तिखट कान. आमच्या दुकानात बोहार नाही, ठेवण्याएवढा निघतच नाही. त्या क्षणापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरेना. मी दोन दिवस वाट बघितली. पिशवी उघडी धरून तलावाकडे बघितलं, जमेल तेवढं. पण आता तलाव कुठं, फोनवर कोण बघतं कोण कुठं बघतं. शेवटी मी बटण दाबलं आणि म्होरकीला बोलून टाकलं, "दीदी, बोहार टूट रहा है क्या? एक मुट्ठी मेरे लिए डाल देना." तिचं उत्तर आलं, नुसतं हसणं आणि "हव भैया."

रविवारी मालाच्या सगळ्यात वर पळसाच्या पानाची पुडी होती. मी ती खोक्यात ठेवली नाही, हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. डाळ, दही, लसूण. तुझ्यासारखी झाली नाही, पण चिकटपणा तोच, जिभेवर तोच तुरटपणा. तुझ्या नातीनं बोटं चाटली आणि विचारलं, "पापा, ये दुकान में क्यों नहीं है?" मी म्हटलं, हे विकायचं नसते, कोणी दिलं त मिळते. "किसने दिया?" "दिलं एका दीदीनं." एवढंच सांगितलं.

हे पत्र जाणार नाही. पोरीच्या दुकानात पिनकोड टाकल्याशिवाय काही पुढं सरकत नाही, आणि तुझा मला ठाऊक नाही. एक सांगायचं तेवढं सांगतो. मी मागून घेतली, आई. तू "जा, वापस देऊन ये" म्हणशील हे मला माहीत होतं, म्हणून आधी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि मग लिहायला बसलो.